मध्यमवयातील वजन आणि ताटातील धान्य



वजन उतरविण्यासाठी साखर, पाव आणि बटाटा वर्ज्य करावा, ही कल्पना अलीकडची आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे आणि तिचा प्रसार कोणा वैद्याने नव्हे, तर एका निवृत्त व्यावसायिकाने केला. लंडनमधील बँटिंग घराण्याची पेढी राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहत असे. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि १८६१ साली राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या अंत्यविधीची व्यवस्था याच पेढीकडे होती. या घराण्यातील विल्यम बँटिंग हे ते गृहस्थ होत. त्यांची उंची ५ फूट ५ इंच होती आणि ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलोग्रॅम भरले. त्या वेळी त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. परंतु हे वजन काही साठीनंतर एकदम चढलेले नव्हते. मध्यमवयापासून ते वर्षानुवर्षे साठत आले होते आणि तितकीच वर्षे बँटिंग त्याच्याशी झगडत होते.

या झगड्याचा तपशील त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो आजच्या कोणाही स्थूल माणसाला आपलाच वाटावा असा आहे. एका वैद्याने व्यायाम सांगितला, म्हणून ते पहाटे उठून नदीत दोन-दोन तास होडी वल्हवीत. अंगात बळ आले, पण त्याबरोबर भूकही प्रचंड वाढली आणि वजन घटण्याऐवजी वाढले. तुर्की पद्धतीची वाफेची स्नाने झाली, प्रसिद्ध झऱ्यांचे पाणी पिऊन झाले, औषधे झाली. कमी खाण्याचा उपदेश ज्याने त्याने केला. पण कमी म्हणजे काय आणि काय कमी, हे कोणी सांगितले नाही. अखेरीस त्यांना बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकता येईनासे झाले आणि गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना पाठमोरा, सावकाश उतरावा लागू लागला.

ऐकू कमी येते या तक्रारीसाठी ते कानाचे शल्यवैद्य विल्यम हार्वे यांच्याकडे गेले आणि येथे या कथेला वळण मिळाले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वे ते हे नव्हेत, ते दोनशे वर्षांपूर्वीचे.) हार्वे हे १८५६ साली पॅरिसला असताना यकृतात साखर तयार होते या क्लोद बर्नार यांच्या संशोधनावरील चर्चेस उपस्थित राहिले होते. मधुमेही रुग्णाची साखर पिष्टमय आहार कमी केल्याने घटते, तर अतिस्थूल माणसाची चरबीही त्याच मार्गाने घटेल काय, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. बँटिंग यांचा कान चरबीमुळे बधिर झाला आहे असे निदान करून त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा हे पदार्थ शक्यतो वर्ज्य करण्यास सांगितले.

बँटिंग यांचा पूर्वीचा आहार पाहिला म्हणजे या सूचनेचा अर्थ कळतो. सकाळी दूध-पाव, किंवा भरपूर दूधसाखरेचा चहा आणि लोणी लावलेला भाजका पाव. दुपारी मांस, बिअर, पुष्कळ पाव आणि गोड भरलेली पेस्ट्री. सायंकाळी पुन्हा सकाळसारखेच. रात्री फळांचे गोड पक्वान्न किंवा पुन्हा दूध-पाव. म्हणजे ज्या सहा गोष्टी काढल्या, त्यांवरच सारा दिवस उभा होता. नव्या पथ्यात सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासे, दूधसाखरेविना चहा आणि जेमतेम एक औंस कोरडा भाजका पाव. दुपारी पाच-सहा औंस मासे किंवा मांस आणि बटाट्याखेरीज कोणतीही भाजी. सायंकाळी थोडी फळे. रात्री पुन्हा तीन-चार औंस मांस वा मासे, असा क्रम होता. जेवणासोबत दोन-तीन पेले द्राक्षमद्याचीही मुभा होती. या कलमाचे अनुकरण कोणी करू नये हे सांगावयास नकोच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पथ्यात चार वेळचे जेवण होते, प्रत्येक वेळचे माप ठरलेले होते आणि उपाशी कधीच राहावे लागत नव्हते.

सुमारे एका वर्षात बँटिंग यांचे वजन ४६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ २१ किलोग्रॅमने उतरले. कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी घटला. सरासरी पाहिली तर आठवड्याला एक पौंडाहूनही कमी. आज महिनाभरात दहा किलो उतरविण्याच्या जाहिराती ज्यांच्या डोळ्यांखालून जातात, त्यांनी हा वेग ध्यानात ठेवावा. १८६३ साली बँटिंग यांनी आपला अनुभव एका लहानशा पुस्तिकेत छापला आणि आरंभी तो विनामूल्य वाटला. पुस्तिकेच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या, वैद्यकीय नियतकालिकांनी टीका केली, तरी लोकांनी ती डोक्यावर घेतली. इंग्रजीत त्यांच्या आडनावावरून पथ्य करण्याच्या अर्थाचे क्रियापदच तयार झाले. स्वीडिश भाषेत तर पथ्याने वजन उतरविण्याला आजही ‘बांता’ असेच म्हणतात. बँटिंग १८७८ साली वयाच्या ८१व्या वर्षी वारले.

हे पथ्य यशस्वी का झाले? बँटिंग यांचे स्वतःचे मत असे, की अन्नाचे प्रमाण नव्हे, तर प्रकार महत्त्वाचा. हार्वे यांनी त्याचा संबंध यकृतातील साखरेशी जोडला. कर्बोदकांमुळे रक्तात इन्शुलिन वाढते आणि इन्शुलिन चरबी साठवून ठेवते, म्हणून कर्बोदके हाच खरा शत्रू, असे प्रतिपादन पुढे अनेकांनी केले. आजवरच्या मोजमापांवरून या प्रतिपादनातील टोकाचा भाग टिकत नाही. वजन उतरते ते शरीर खर्च करते त्यापेक्षा कमी उष्मांक पोटात गेल्यानेच. मात्र साखर, मैदा आणि पिष्ट घटवून प्रथिने वाढविली म्हणजे भूक लवकर शमते आणि माणूस उष्मांकांचा हिशेब न ठेवताही आपोआप कमी खातो. होडी वल्हवून बँटिंग यांची भूक वाढली आणि मांस-भाजीने ती आवरली, यातच या पथ्याचे बरेचसे मर्म आहे. पहिल्या आठवड्यातील घट मात्र फसवी असते. यकृतात आणि स्नायूंत साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम शर्करेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. पिष्ट बंद होताच हा साठा रिता होतो, पाणी निघून जाते आणि काट्यावर दोन किलो कमी दिसतात. ती चरबी नव्हे.

चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, म्हणून वजन वाढणारच, असे समाधान अनेकजण करून घेतात. या समजुतीला २०२१ साली मोठा धक्का बसला. २९ देशांतील, आठ दिवसांच्या अर्भकापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे एकत्र करून पाहिली असता असे आढळले, की शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतल्यावर हा खर्च विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. उतार लागतो तो साठीनंतर. मग चाळिशीत पोट सुटते ते कशाने? बढती मिळते आणि खुर्ची पक्की होते. सायकल जाऊन दुचाकी येते. स्नायूंचा वापर घटल्याने ते झडू लागतात आणि त्यांची जागा चरबी घेते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी नितंबांकडून पोटाकडे सरकते. ताट मात्र तरुणपणीचेच राहते. ही गोष्ट निराशेची नसून दिलाशाची आहे, कारण यांपैकी पुष्कळसे आपल्या हातचे आहे.

मध्यमवयातील नोकरदारांवर या पथ्याची कसून परीक्षा झाली ती इस्रायलमधील दिमोना येथील अणुसंशोधन केंद्रात. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ३२२ स्थूल व्यक्तींनी त्यात भाग घेतला. त्यांचे सरासरी वय ५२ वर्षे होते आणि त्यांत ८६ टक्के पुरुष होते. एका गटाला स्निग्ध पदार्थ कमी असलेला, दुसऱ्याला भूमध्यसागरी पद्धतीचा, म्हणजे भाज्या, मासे व ऑलिव्ह तेलावर भर असलेला, तर तिसऱ्याला अल्प कर्बोदकांचा आहार दोन वर्षांसाठी नेमून दिला. तिसऱ्या गटाला पहिले दोन महिने दिवसाला केवळ २० ग्रॅम कर्बोदके आणि नंतर हळूहळू वाढवीत १२० ग्रॅमपर्यंत मुभा होती. उष्मांकांवर बंधन नव्हते. मात्र प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ शक्यतो वनस्पतिजन्य घ्यावेत असे सांगितले होते. या प्रयोगाचे वैशिष्ट्य त्याच्या व्यवस्थेत होते. दुपारचे मुख्य जेवण केंद्राच्याच उपाहारगृहात होई आणि तेथील पदार्थांना गटवार रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या असत. आहारतज्ज्ञांच्या ठरावीक मुदतीने बैठका होत. आपल्याकडे पथ्याचा सारा भार त्या एकट्या माणसाच्या निर्धारावर टाकला जातो. तेथे तो उपाहारगृहानेही उचलला. वर्षअखेर ९५ टक्के आणि दोन वर्षांअखेर ८४ टक्क्यांहून अधिक लोक प्रयोगात टिकून होते, याचे कारण हेच असावे.

दोन वर्षांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी २.९ किलो, दुसऱ्याचे ४.४ किलो आणि अल्प कर्बोदकांच्या गटाचे ४.७ किलो घटलेले आढळले. रक्तातील ट्रायग्लिसराइड घटण्यात आणि हितकारक कोलेस्टेरॉल वाढण्यात तिसरा गट सरस ठरला. तथापि दोन गोष्टी नमूद केल्याच पाहिजेत. सर्वाधिक घट पहिल्या सहा महिन्यांतच झाली. पुढे वजन स्थिरावले. आणि प्रयोग संपल्यावर चार वर्षांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा बरेचसे वजन परतले होते : मूळ वजनाच्या तुलनेत भूमध्यसागरी गटाची घट ३.१ किलो, तर अल्प कर्बोदकांच्या गटाची १.७ किलो एवढीच उरली होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ६०९ व्यक्तींच्या प्रयोगात अल्प कर्बोदकांच्या गटाचे वजन वर्षभरात सरासरी ६ किलो आणि अल्प स्निग्धांच्या गटाचे ५.३ किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. तात्पर्य, कोणते पथ्य श्रेष्ठ यापेक्षा कोणते पथ्य पाच वर्षे निभेल, हा प्रश्न अधिक खरा आहे.

निभण्याचा प्रश्न आला म्हणजे आपल्या ताटाकडे वळावे लागते आणि त्याआधी आपल्या शरीराकडे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस अंगाने बारीक दिसतो, पण आत चरबी बाळगून असतो, ही गोष्ट या एका चित्राने जगाला पटवून दिली. म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ झाला की वजन अधिक आणि २५ झाला की स्थूलता समजतात. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. याच पाहणीवर आधारलेल्या २०२५ सालच्या अभ्यासात भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, असे दिसून आले.

त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. मैदा वा पांढरा तांदूळ सोडून तितकेच गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. तो कमी आढळला तो कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तेथे डाळी-कडधान्यांतील किंवा दुधातील प्रथिने आली तेव्हा. पोळी सोडली आणि भाकरी धरली एवढ्याने वजन उतरेल, या समजुतीत राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्वारी सकस आहे, तिच्यात तंतुमय भाग चांगला आहे, कोरडवाहू शेतकऱ्याचा ती आधार आहे. पण तिच्या १०० ग्रॅम पिठातही ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तांदळात ती ७८ ग्रॅम. साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक आणि प्रथिने नाममात्र! उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाऊन वजन का उतरत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे. (पंढरीच्या पांडुरंगाचा त्यात दोष नाही.)

दिमोनातील पहिल्या दोन महिन्यांचे २० ग्रॅमचे बंधन आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरात, पाळणे जवळजवळ अशक्य आहे. मूठभर कच्च्या तांदळातच तेवढी कर्बोदके होतात. तुरीच्या डाळीत २२ टक्के प्रथिने असली, तरी निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच असतो. आणि त्याची गरजही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतील आकड्यांवरून २०२२ साली मांडलेल्या गणितानुसार कर्बोदकांचा वाटा ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणणे आणि प्रथिनांचा २० टक्क्यांपर्यंत नेणे, एवढा फेरफारही मधुमेह रोखण्यास उपकारक ठरतो. म्हणजे तीन पोळ्या आणि वाढून घेतलेला भात यांऐवजी एक-दीड पोळी किंवा भाकरी, भाताला रजा, उसळीची वाटी दुप्पट, पालेभाजी मनसोक्त, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, ताक किंवा दही आणि चालत असेल तर अंडे किंवा मासळी. पिठले-भाकरीत पिठल्याचा वाटा वाढला आणि भाकरीचा घटला तर चव काही बिघडत नाही. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर आहेत, पण निम्मे वजन तेलाचे असते; मूठभर ठीक, ताटलीभर नव्हे.

ताटाबाहेरचा हिशेब अधिक बोलका आहे. कचेरीत दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक, तेही भूक न भागविणारे. बैठक असली की चहाबरोबर बिस्किटे येतात; बदली, बढती, निरोप, सत्कार या प्रत्येक प्रसंगी पेढे येतात आणि ते नाकारणे असभ्यपणाचे ठरते. पथ्य मोडते ते बहुधा घरी नव्हे, येथे. पंचायत समितीच्या बैठकीत फुटाणे, ताक आणि बिनसाखरेचा चहा ठेवणे हा ठराव करण्याचा विषय नव्हे. सभापतींनी एकदा सांगितले की पुरते.

एक अडचण मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. धान्य स्वस्त आहे आणि प्रथिने महाग. शिधापत्रिकेवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. भाकरी कमी करा हा उपदेश ज्याला डाळ, दूध आणि अंडी घेणे परवडते त्यालाच करता येतो; दिवसभर बांधावर राबणाऱ्या मजुराला तो करणे अप्रस्तुत होय आणि त्याला त्याची गरजही नसते. हे पथ्य आहे ते मासिक वेतन घेणाऱ्या, बसून काम करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे. त्याने त्याला चालण्याची आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा जोर-बैठका किंवा वजन उचलण्याची जोड द्यावी. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि या वयात गेलेला स्नायू परत मिळविणे कठीण असते.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे पथ्य सुरू करू नये. मधुमेहासाठी जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी कर्बोदके एकाएकी घटविली आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके फार कमी केल्यास रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकते. वजन उतरू लागले की रक्तदाबही उतरतो, त्यामुळे त्या गोळ्यांचीही फेरतपासणी लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी हे पथ्य नाही. तीस वर्षांवरील सर्वांच्या रक्तदाबाची व रक्तशर्करेची तपासणी उपकेंद्रांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते. त्यासाठी गावातील आशा कार्यकर्ती घरोघर जो तक्ता भरते, त्यात पोटाच्या घेराचा रकाना आहे आणि घेर मोजण्याची फीत तिच्याजवळ असते.